सरोवर एक, कुळे दोन

नॉर्वेमधील गाउस्डालच्या परिसरात, ली या ठिकाणी, रून लिपीतील एक शिलालेख सापडला. काळ साधारण इसवी सनाचे अकरावे शतक. आपल्याकडचे शिलालेख वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना त्यातील मजकूर चकित करील. त्यात देवालयाला दान नाही, राजाची बिरुदावली नाही, गद्धेगाळीवरची शापवाणीही नाही. एइलिव्ह एल्ग नावाच्या माणसाने राउदशोएन या सरोवरात मासे नेऊन सोडले, एवढीच ती नोंद.

मासे कोणते, हे दगड सांगत नाही. नोंद दगडावर का कोरली, हेही सांगत नाही. त्या पाण्यावरील मासेमारीचा हक्क आपला आहे, हे चार लोकांना कळावे म्हणून ती कोरली असावी, असे मानायला जागा आहे. मात्र एक गोष्ट निश्चित कळते. जवळजवळ एक हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातील माणूस एका पाण्यातले मासे उचलून दुसऱ्या पाण्यात टाकत होता आणि ते काम नाव कोरून ठेवण्याजोगे समजत होता.

आजचा धागा या कामाविषयी आणि त्यामागच्या एका समजुतीविषयी आहे. 'मासा तो मासाच, या तळ्यातला काय आणि त्या तळ्यातला काय' ही ती समजूत. ती विज्ञानात कशी शिरली, किती काळ टिकली, कशामुळे मोडली आणि तोवर काय काय हातचे गेले, हे पाहायचे आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हिया, ब्रिटिश बेटांचा बहुतेक भाग आणि कॅनडा बर्फाच्या प्रचंड थराखाली होते. पुढे बर्फ मागे सरकला आणि त्याने खरवडलेल्या खळग्यांत पाणी साचले. उत्तरेकडील बहुतेक सरोवरे अशी, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबाने कालपरवाची. आरंभी ती माशांविना होती. समुद्रातून नदीत चढणारे ट्राउट, चार आणि व्हाइटफिश यांसारखे मासे एकेका वाटेने तिथे पोहोचले. काही वाटा नंतर धबधब्यांनी बंद झाल्या. आत गेलेले आतच राहिले. काही सरोवरांत दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या दिशांनी पाहुणे आले. एइलिव्हसारख्या माणसांनी खांद्यावरून नेलेले मासे हा या वस्तीच्या इतिहासातील शेवटचा आणि सर्वांत छोटा अध्याय.

आता आयर्लंडला जाऊ. लॉख मेल्विन (लॉख म्हणजे सरोवर) हे बेटाच्या वायव्येला आहे. आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांची सीमा त्याच्या पाण्यातून जाते. या सरोवरावर गळ टाकणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तीन प्रकारचे ट्राउट ओळखत आले आहेत.

पहिला गिलारू. आयरिश भाषेत 'गिला रुआ' म्हणजे तांबडा पोऱ्या. सोनेरी अंग, त्यावर ठळक तांबडे ठिपके. हा तळाशी राहतो आणि गोगलगायी खातो. कवचे दळावी लागत असल्यामुळे की काय, त्याच्या जठराची भिंत पक्ष्याच्या पेषणीसारखी जाड असते. दुसरा सॉनाहन. काळसर पर, अंगावर काळे ठिपके. हा मोकळ्या पाण्यात फिरून पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतो. तिसरा फेरॉक्स. आकाराने मोठा, दीर्घायुषी आणि दुसऱ्या माशांवर जगणारा.

गिलारूच्या जठराची कीर्ती लंडनपर्यंत गेली होती. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापून आले. म्हणजे आपल्याकडे नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंचे कारस्थान चालू होते, तेव्हा लंडनमध्ये विद्वान मंडळी एका आयरिश माशाचे पोट फाडून त्यावर चर्चा करीत होती.

एकोणिसाव्या शतकात हे मासे ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथर यांच्या टेबलावर पोहोचले. ग्युंथर जन्माने जर्मन आणि कमालीचे चिकाटीचे. जगातील माशांची आठ खंडांची सूची त्यांनी एकट्याने लिहिली. तिचा ट्राउटविषयीचा खंड १८६६ साली निघाला. दात, खवले, मणके, आतड्यालगतच्या लहान नळ्या असे सारे मोजून त्यांनी ब्रिटिश बेटांतील ट्राउटच्या अनेक प्रजाती वेगळ्या केल्या. गिलारूला त्यांनी 'साल्मो स्टोमॅकिकस' म्हटले, म्हणजे जठरावरूनच नाव दिले. काळ्या परांच्या माशाला 'साल्मो नायग्रिपिनिस' हे नाव मिळाले. 'साल्मो फेरॉक्स' हे नाव त्याआधीच, १८३०च्या दशकात, रूढ झाले होते. गळ टाकणाऱ्यांची तीन नावे आता लॅटिनमध्येही तीन झाली होती.

यावर आक्षेप घेणारा माणूस आपल्या परिचयाचा आहे. भारतातील माशांवर काहीही वाचायला घेतले, की फ्रान्सिस डे हे नाव येतेच. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य, पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचे इन्स्पेक्टर जनरल आणि १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'द फिशेस ऑफ इंडिया' या ग्रंथाचे कर्ते. निवृत्तीनंतर डे इंग्लंडला परतले आणि तिथल्या माशांकडे वळले. ग्युंथर आणि डे यांचे सख्य नव्हते. ते इतके विकोपाला गेले, की डे यांनी आपल्या भारतीय माशांच्या संग्रहाचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियमला न देता थेट सिडनीच्या संग्रहालयाला दिला. भारतीय माशांचे मूळ नमुने पाहायला अभ्यासकाला ऑस्ट्रेलियाला का जावे लागते, याचे उत्तर या भांडणात आहे.

१८८७ साली डे यांचा ब्रिटन आणि आयर्लंडमधील साल्मन-ट्राउट कुळावरचा ग्रंथ निघाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ग्युंथर ज्यांना प्रजाती म्हणतात, ते एकाच माशाचे निरनिराळे अवतार आहेत. पाणी बदलले, खाणे बदलले, की रंग, ठिपके आणि अंगलट बदलते. ट्राउट एकच.

डे हवेत बोलत नव्हते. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ सर जेम्स मेटलंड यांनी १८७०च्या दशकात होवीटून येथे मत्स्यबीज केंद्र उभारले होते. तिथल्या तळ्यांत डे यांनी संकराचे प्रयोग पाहिले होते. एका सरोवरातले ट्राउट दुसऱ्या पाण्यात वाढवले, की त्यांचे रूप पालटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. निरीक्षण अचूक होते. पण रूप बदलते म्हणून आतही काहीच वेगळे नाही, हा निष्कर्ष त्या निरीक्षणातून निघत नव्हता. तो त्यांनी काढला. रंगाला फसू नका असे सांगणारे डे स्वतः रंगापाशीच थांबले, असे मला वाटते. अर्थात, १८८७ साली रंगाच्या पलीकडे पाहण्याचे साधनही कोणापाशी नव्हते.

पुढची पिढी डे यांच्या बाजूने गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश म्युझियममध्येच चार्ल्स टेट रीगन यांनी सर्व ट्राउट एकाच प्रजातीत टाकले. ग्युंथर यांची नावे जुन्या सूचींत पडून राहिली. गिलारू हा आता केवळ गोगलगायी खाऊन लाल झालेला ट्राउट ठरला आणि त्याला वेगळा समजणे ही कोळ्यांची भाबडी समजूत.

हा निव्वळ संग्रहालयातला वाद असता, तर या धाग्याची गरज नव्हती. पण याच काळात ट्राउटची अंडी जगभर फिरू लागली होती. १८६४ साली 'नॉरफोक' जहाजातून बर्फ आणि शेवाळात रचलेली अंडी इंग्लंडहून टास्मानियाला जिवंत पोहोचली आणि तिथून पुढे न्यूझीलंडला गेली. नीलगिरीत ट्राउट आणण्याचा एक फसलेला प्रयत्न १८६०च्या दशकात खुद्द डे यांनी केला होता. १९०० साली ते काश्मीरमध्ये रुजले. परदेशी पाण्यांची गोष्ट वेगळी. तिथे मुळात ट्राउट नव्हतेच. पण युरोपातही जिथे मासे कमी पडले, तिथे केंद्रातून बीज आणून सोडण्याची पद्धत पडली. एकदा सगळे ट्राउट एक म्हटल्यावर कुठले बीज कुठे सोडले, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. एइलिव्हने एका सरोवरापुरते केले, ते आता सरकारी खाती आणि मासेमारीचे क्लब टाक्या भरभरून करू लागले.

वाद पुन्हा उघडला तो कपड्यांच्या खळीने.

१९५५ साली टोरांटोत ऑलिव्हर स्मिथीझ हे तरुण वैज्ञानिक प्रथिने एकमेकांपासून वेगळी करण्याच्या खटपटीत होते. लहानपणी आई वडिलांच्या शर्टांना खळ करीत असे आणि उरलेली खळ थंड झाली की तिचा थलथलीत गोळा होई, ही आठवण त्यांना झाली. त्यांनी स्टार्चचा तसाच थर केला, त्यात प्रथिनांचे मिश्रण ठेवले आणि विजेचा प्रवाह सोडला. प्रथिने आपापल्या विद्युतभारानुसार आणि आकारानुसार कमीअधिक अंतर सरकली. एकाच विकराची (शरीरातील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची) दोन किंचित वेगळी रूपे असली, तर थरावर दोन वेगळ्या जागी पट्टे उमटतात. विकराचे रूप जनुक ठरवते. म्हणजे माशाच्या स्नायूचा कण घेऊन, त्याच्या रंगरूपाकडे न पाहता, जनुक वाचता येऊ लागले. १९६६ साली शिकागोत रिचर्ड लेवोंटिन आणि जॅक हबी यांनी फळमाशीवर हे तंत्र वापरून दाखवले. मग ते मत्स्यशास्त्रज्ञांच्या हाती आले.

आता या धाग्यातील माझी सर्वांत आवडती जागा. स्वीडनच्या येम्टलांड प्रांतात, नॉर्वेच्या सीमेजवळच्या डोंगरांत, बुन्नेरशोआर्ना नावाची एकमेकांना जोडलेली दोन लहान सरोवरे आहेत. तिथे तपकिरी ट्राउट आहेत. गिलारू-सॉनाहनसारखी त्यांची वेगवेगळी नावे नाहीत, कारण ते सगळे सारखेच दिसतात. १९७०च्या दशकात नील्स रुमान, फ्रेड ॲलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ट्राउटचे नमुने तपासले.

एका विकराच्या जनुकाची इथे दोन रूपे आढळली. त्यांना आपण क आणि ख म्हणू. प्रत्येक माशाला एक रूप आईकडून आणि एक बापाकडून मिळते. म्हणून मासे तीन प्रकारचे असू शकतात: कक, कख आणि खख. सगळे मासे आपसांत मुक्तपणे वीण करीत असतील आणि दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतील, तर शंभरांत साधारण २५ कक, ५० कख आणि २५ खख मिळायला हवेत. हा हिशेब कागदावरचा आहे, पण तत्त्व कुठल्याही प्रमाणाला लागू पडते.

बुन्नेरशोआर्नात कक होते, खख होते. मधला कख जवळजवळ नव्हताच.

अशा वेळी संशोधक प्रथम आपल्या उपकरणावर संशय घेतो. पण दुसरा अर्थ सरळ आहे आणि आपल्या समाजाच्या इतिहासाशी परिचय असलेल्याला तो चटकन उमगेल. गाव एक, पाणवठा एक, रोटीव्यवहारही एक; बेटीव्यवहार मात्र नाही. त्या सरोवरांत ट्राउटचे दोन समाज शेजारी शेजारी राहत होते आणि एकमेकांत वीण करीत नव्हते. शोध १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९७९ साली त्याच गटाने आणखी बरीच जनुके तपासली. त्या दोन समाजांतील एकूण जनुकीय अंतर अगदी थोडे निघाले. पण वाढीचा वेग वेगळा होता. दिसायला एक, वाढायला दोन.

'बेटीव्यवहार' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आणि त्याबरोबर एक इशारा देणे भाग आहे. मधला प्रकार कमी पडला तर लोकसंख्या आतून विभागलेली असते, या नियमाला स्टेन वालुंड या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञाचे नाव आहे. १९२८ साली त्यांनी तो मांडला. हे वालुंड उप्साला येथील सरकारी वंशशास्त्र संस्थेत काम करीत होते. तिचे प्रमुख हेर्मान लुंडबोर्ग यांच्यासह त्यांनी उत्तर स्वीडनच्या सामी लोकांवर मोठा 'वंशशास्त्रीय' ग्रंथ लिहिला. कवट्या मोजणे आणि माणसांना विवस्त्र करून छायाचित्रे घेणे हे त्या संस्थेचे रोजचे काम होते. त्याच परिसरात जन्मलेले गणिताचे एक सूत्र पन्नास वर्षांनी सामींच्याच डोंगराळ मुलखातील माशांना लागू पडले. सूत्र निर्दोष आहे; त्याचे घराणे निर्दोष नाही. माशांमधला बेटीव्यवहाराचा अभाव हा ओढ्यांच्या आणि ऋतूंच्या सोयीने घडतो, माणसांमधला सत्तेने लादला जातो. दोन्ही एका शब्दात मावतात म्हणून ते एक होत नाहीत.

मग हे समाज टिकतात कसे? ट्राउट ज्या ओढ्यात जन्मतो, बहुधा तिथेच विणीसाठी परततो. वर्षभर सरोवरात सारे एकत्र चरतात; शरद ऋतूत प्रत्येक जण आपल्या माहेरच्या ओढ्याला जातो. ओढे वेगळे, म्हणून कुळे वेगळी. इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरात तर एकाच सरोवरातील चार मासे ऋतूंनी विभागले गेले आहेत: काही शरदात उथळ पाण्यात अंडी घालतात, काही हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत खोल पाण्यात.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील अँड्र्यू फर्ग्युसन यांनी हेच तंत्र लॉख मेल्विनला लावले. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला: गिलारू, सॉनाहन आणि फेरॉक्स यांची जनुके वेगवेगळी आहेत आणि त्यांची वीण आपसांत होत नाही. विणीच्या जागाही वेगळ्या निघाल्या. गिलारू प्रामुख्याने सरोवरातून बाहेर पडणाऱ्या ड्राउझ नदीत जातो, सॉनाहन सरोवराला येऊन मिळणाऱ्या लहान नद्यांत, आणि फेरॉक्स अशाच एका नदीच्या खालच्या, खोल पट्ट्यात. पुढच्या संशोधनातून असे चित्र उभे राहिले, की ही तीन कुळे या सरोवरात फुटलेली नसून बर्फ वितळल्यानंतर वेगवेगळी येऊन स्थायिक झालेली आहेत. काही हजार वर्षे ती एकाच पाण्यात आहेत आणि अजून वेगळी आहेत.

कोळ्यांची भाबडी समजूत म्हणून जी बाजूला सारली होती, ती खरी ठरायला रीगनपासून सत्तर वर्षे लागली. मौखिक परंपरेला पुराव्यात किती स्थान द्यावे, यावर आपण वर्गात तासन्‌तास वाद घालतो. इथे ती परंपरा तीन शब्दांची होती आणि जनुकांनी तिन्ही शब्दांवर शिक्का मारला. मात्र यावरून लोकपरंपरा नेहमीच बरोबर असते असे समजू नका. बुन्नेरशोआर्नातील दोन समाज कुणाही कोळ्याला दिसले नव्हते.

शिवाय दरवेळी कुळे बाहेरूनच येतात असेही नाही. आइसलँडचे थिंगवलावात्न सरोवर इतिहासप्रेमींना त्याच्या काठामुळे ठाऊक असेल. इसवी सन ९३० पासून आइसलँडची लोकसभा, अल्थिंग, तिथे भरत असे. त्या सरोवरात आर्क्टिक चार मासा आहे आणि (मराठी वाचकाची इथे गंमत होते) त्या एका चारचे चार प्रकार आहेत. लाव्हाच्या खडकांतील भेगांत शिरणारा बुटका, तळावर गोगलगायी खाणारा मोठा, मोकळ्या पाण्यात सूक्ष्म जीव टिपणारा आणि मासे खाणारा. इथेही स्थानिक भाषेत चौघांना चार नावे. पण इथला कल दुसरीकडे आहे: ही विभागणी बरीचशी त्याच सरोवरात, गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत घडलेली दिसते. मेल्विनमध्ये तीन घराणी एका वाड्यात राहायला आली. थिंगवलावात्नमध्ये एकाच घराण्याच्या वाटण्या झाल्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

'इतक्या बारीक फरकांनी कोणाचे काय बिघडते?' हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आहे.

तिथला लेक ट्राउट (नाव ट्राउट असले तरी कुळाने चार) हा सरोवरांतील सर्वांत मोठा शिकारी मासा. मच्छीमार त्याचेही प्रकार ओळखत. किनाऱ्यालगतचा सडपातळ 'लीन', मध्येच उंचावलेल्या खडकांवरचा 'हंपर' आणि खोल पाण्यातला चरबीने तुडुंब 'सिस्कोवेट'. हा शेवटचा शब्द ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आला. स्वतःच्याच चरबीत शिजणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. एकेका खडकावर, एकेका खोलीवर विणीला येणारे असे कितीतरी गट होते.

मग बेसुमार मासेमारी झाली आणि जोडीला लॅम्प्रे आला. हा समुद्रातला रक्तपिपासू जीव दुसऱ्या माशाला तोंडाने चिकटून त्याचे रक्त शोषतो. नायगाऱ्याचा धबधबा त्याला अडवीत होता. वेलंड कालव्याने तो अडसर दूर केला. १९२१ साली तो ईरीत दिसला आणि १९३०च्या दशकात मिशिगन, ह्युरन आणि सुपीरियरमध्येही पोहोचला. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातील मूळचा लेक ट्राउट संपला होता. एक गट नव्हे, सगळे गट.

१९५०च्या दशकाच्या अखेरीपासून लॅम्प्रेच्या पिल्लांना मारणारे रसायन ओढ्यांत सोडले जाऊ लागले. १९६५ पासून मिशिगन सरोवरात केंद्रात वाढवलेले लेक ट्राउट दरवर्षी लाखांनी सोडण्यात आले. ते जगले, मोठे झाले, गळाला लागले. पण त्यांची स्वतःची प्रजा कित्येक दशके जवळजवळ वाढलीच नाही. कारणे अनेक आहेत. परके अलवाइफ मासे खाल्ल्याने मादीच्या अंड्यांत एका जीवनसत्त्वाची उणीव पडते, हे एक मोठे कारण. पण विणीच्या जागा ज्यांना वारशाने ठाऊक होत्या ते गटच नाहीसे झाले होते, हेही एक. केंद्रातल्या माशाला कुठल्याच खडकाची आठवण नव्हती. याउलट सुपीरियरमध्ये खोल पाण्यातले सिस्कोवेट आणि काही ठिकाणचे लीन वाचले होते. तिथली वस्ती पुन्हा उभी राहिली. ज्या सरोवरात जुने गट उरले तेच आधी सावरले. योगायोग म्हणून हे सोडून देणे मला कठीण वाटते.

इथे आपल्या दाराशी घडलेली एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तिचे बीज अक्षरशः लोणावळ्याचे आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका महसीर माशाचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला 'खुदरी' असे शास्त्रीय नाव दिले. विसाव्या शतकात धरणांनी महसीर दुर्मीळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावाकाठी या खुदरीचे बीज तयार होऊ लागले. काम संवर्धनाचे होते आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. तेच बीज १९७०च्या दशकापासून दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. कावेरीत मात्र आधीपासून तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीवर कुबड असलेला, जगभरच्या गळ टाकणाऱ्यांत नावाजलेला. खुदरी वाढत गेला, कुबडवाला हटत गेला. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख, 'टोर रेमादेवी', २०१८ साली पक्की झाली. तोवर तो अतिसंकटग्रस्त होऊन बसला होता. ही दोन कुळांची नव्हे, दोन प्रजातींची गोष्ट आहे, म्हणून उत्तरेकडच्या सरोवरांशी तिची तंतोतंत बरोबरी करू नये. पण 'महसीर तो महसीर' ही समजूत दोन्हीकडे तीच.

ग्युंथर आणि डे यांचा खटला अजून मिटलेला नाही. २००७ साली युरोपातील गोड्या पाण्याच्या माशांवर मोरिस कोटेला आणि यॉर्ग फ्रायहॉफ यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात 'साल्मो स्टोमॅकिकस', 'साल्मो नायग्रिपिनिस' आणि 'साल्मो फेरॉक्स' या तिघांना पुन्हा प्रजातीचा मान मिळाला. अनेक जनुकशास्त्रज्ञ तो मान्य करीत नाहीत. त्यांच्या मते तिघेही एकाच तपकिरी ट्राउटची स्वतंत्र कुळे आहेत आणि जपायची तर कुळे म्हणूनच जपावीत. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. प्रजातीचे नाव दिले की कायद्याचे संरक्षण मिळवणे सोपे जाते, हे खरे. पण मग ज्यांना वेगळे रूपच नाही, त्यांच्यासाठी नाव कुठून आणायचे?

बुन्नेरशोआर्नातील दोन समाजांना आजही नावे नाहीत. त्यानंतर स्वीडनच्या आणखी काही डोंगरी सरोवरांत असेच एकसारखे दिसणारे, पण वेगळे गट सापडले आहेत. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी येम्टलांडच्या ट्राउटचे ऊतकांचे नमुने १९७०च्या दशकापासून गोठवून जपले आहेत. तेव्हा त्यांतून स्टार्चच्या थरावरचे पट्टे वाचले जात; आता त्याच नमुन्यांतून संपूर्ण जनुकसंच वाचता येतो.

विचारायचे असेल ते खाली विचारा. वालुंड आणि उप्सालाच्या संस्थेवर स्वतंत्र धागा लिहीन.